दुसरं बोट

"मग अनुग्रह कधी द्यायचा म्हणताय, आप्पा?"

प्रश्न गाडीखालून आला. विचारणाऱ्याचे फक्त पाय दिसत होते.

आप्पा फणसाखाली पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांनी त्या पायांकडे नीट निरखून पाहिलं.

"टाचा किती फुटल्यात रं तुझ्या, बसवंत," ते म्हणाले. "निलव्वाकडनं खोबरेल घे."

गाडीखालून पाना दगडावर आपटल्याचा आवाज आला.

निलव्वा म्हणजे मी. मठाचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. त्या दुपारी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं. आप्पांच्या चमत्काराच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर त्या सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जावं. मी इतकी वर्षं त्यांना भाकरी वाढते आहे, मला एकही चमत्कार दिसलेला नाही. जे दिसलं ते सांगते.

आमचा मठ डोंगरावर आहे आणि मठाची व्हॅन म्हातारी आहे. कुणा भक्तानं वापरून झाल्यावर ती देवाला वाहिली. तिचं दार लावायचं तर आतून एकानं ओढावं लागतं आणि बाहेरून एकानं ढकलावं लागतं. पण ठरलेल्या दिवशी पहाटे ती वरच्या वाड्यांमधली आजारी माणसं गोळा करते आणि घाट उतरून शहरातल्या दवाखान्यात नेते. डायलिसिसला. आमच्याकडे रक्त धुवून आणणं म्हणतात. एक खेप चुकली तर अंगावर सूज चढते, दम लागतो. त्याच्या पुढचं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

ही गाडी बसवंत चालवतो. तो मठात आला तो आप्पांकडून अनुग्रह घ्यायला. आप्पांनी त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली. त्याला वाटलं, परीक्षा आहे. म्हणून त्यानं गाडी अशी सांभाळली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मग वर्षं गेली आणि परीक्षा काही संपेना.

आप्पांच्या दोन खोडी इथंच सांगून ठेवते.

एक म्हणजे कशालाही हात जोडायचे आणि "उपकार झाले" म्हणायचं. विहिरीचा दोर तुटला, उपकार झाले. पाहुणा जेवून गेला, उपकार झाले, आणि न जेवता गेला तरी तेच. माझी आमटी खारट झाली तेव्हाही ते असंच म्हणाले, तेव्हा मात्र मला राग आला होता.

दुसरी खोड बसवंतपुरती होती. संध्याकाळी आलेगेले लोक पांगले की आप्पा त्याला जवळ बोलवून विचारायचे, "आज माझं काय चुकलं?"

बसवंत हात जोडून म्हणायचा, "काय न्हाई, आप्पा."

रोज तेच. मला विचारलं असतं तर मी पुष्कळ सांगितलं असतं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

तर त्या दुपारी बसवंत गाडीखालून सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत हात काळे, आणि तोंड त्याहून काळं.

"आप्पा, हे शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "माझ्या मागनं आलेली माणसं अनुग्रह घिऊन घराला गेली. मी अजून गाडीखालीच हाय. द्यायचा नसंल तर न्हाई म्हणा. उद्याची खेप मारतो आन डोंगर उतरतो. दुसरा गुरू बघीन."



ओट्यावर तानूबाई बसली होती. ती डायलिसिसची. तिची वाडी लांब, म्हणून आदल्या दिवशीच मठात मुक्कामाला येते. तिला राहवलं नाही.

"अनुग्रहाचं तुमी बघा बाबांनो," ती म्हणाली. "उद्या गाडी हाय न्हवं?"

"हाय," बसवंत म्हणाला. "उद्यापतुर हाय."

मला त्याची चीड आली. आणि भीतीही वाटली. त्याच्यामागे ती गाडी कोण चालवणार होतं? घाटात ती कुठल्या वळणावर रुसते, कुठं नुसत्या हातानं चुचकारायची आणि कुठं उतरून पाणी घालायचं, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आप्पांनी विषयच बदलला. "आज काय करायलाईस तिला?"

"तेल बदलतोय. आन फिल्टर."

"फिल्टर म्हंजे?"

बसवंत सुस्कारा टाकून पुन्हा आडवा झाला, गाडीखाली गेला, थोडी खुडबुड झाली, आणि एक काळाकुट्ट डबा घेऊन बाहेर आला. आपल्या तांब्यापेक्षा थोडा लहान. त्यातून तेल ठिबकत होतं.

"हा," तो म्हणाला. "इंजिनातलं तेल सारखं ह्याच्यातनं फिरतं. तेलातली सगळी घाण हा आत धरून ठेवतो. भरला की काढून टाकायचा. नवा लावायचा."

"आमचाबी फिल्टरच गेलाय," तानूबाई म्हणाली. "डाक्टर तसंच म्हणालं. पर आमचा बदलून मिळंना."

ती हसली म्हणून आम्हीही हसलो. बसवंत हसला नाही. त्यानं तो डबा कोपऱ्यातल्या कचऱ्याकडे भिरकावायला हात उचलला.

"दे हिकडं," आप्पा म्हणाले.

त्यांनी तो ओंजळीत घेतला. काळं तेल त्यांच्या बोटांतून गळून धोतरावर पडलं. ते धोतर मी त्याच सकाळी धुतलं होतं. आप्पांनी डबा कपाळाशी नेला.

"उपकार झाले रं, बाबा," ते त्या डब्याला म्हणाले.

"टाकायच्या वस्तूचे कसले उपकार, आप्पा?"

"येवढी घाण धरली ह्यानं," आप्पा म्हणाले. "आन इंजिनाला कळूबी दिलं न्हाई."

बसवंतनं मान फिरवली. त्याला उपदेश हवा होता, तो कानात, गुपचूप, पाटावर बसून. कचऱ्याच्या डब्यावरून नको होता.

त्यानं नवा फिल्टर घेतला. त्याच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. तिला बोटानं थोडं तेल लावलं. एरवी हे काम तो इतक्या मायेनं करतो की बघत बसावं, लेकराला काजळ घालावं तसं. त्या दिवशी फराफरा बोट फिरवलं आणि गेला खाली. फिल्टर हातानंच पिळून आवळला. तेल काढायचा बोल्ट घट्ट केला. वर येऊन नव्या तेलाचा अख्खा डबा ओतला. डोक्यात राख घालून काम चाललं होतं.

मग आत बसला आणि किल्ली फिरवली.

गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. बसवंत खाली बघत नव्हता. तो आप्पांकडे बघत होता, बघा, मी गेल्यावर हे कोण करणार ते, अशा नजरेनं.

मी खाली बघत होते. गाडीच्या पोटाखालून मधाच्या रंगाचं काहीतरी वाहत येत होतं. आधी बोटभर होतं, मग एकदम भसाभसा.

"बंद कर," मी ओरडले. "बंद कर रे, मेल्या!"

त्यानं गाडी बंद केली.

तेल पसरत पसरत आप्पांच्या बादलीपर्यंत आलं. आप्पांनी पाय वर घेतले आणि धोतराचा सोगा सावरला.

बसवंत गाडीखाली गेला. अंगाला तेल लागतंय याचीही त्याला शुद्ध नव्हती. बराच वेळ पाय हलले नाहीत.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर दोन काळ्या रिंगा होत्या. एक नवी, तकतकीत. एक जुनी, चपटी झालेली.

"काय झालं?" तानूबाईनं विचारलं.

तो तिच्याशी बोलला. आप्पांकडे बघवत नसावं.

"जुना फिल्टर काढला की त्याची रिंग त्याच्यासंगट निघून येती, मावशी. कधी कधी येत न्हाई. वरच चिकटून बसती. काळ्या जागंवर काळी रिंग, दिसत न्हाई. त्याच्यावर नवा फिल्टर लावला की रिंगंवर रिंग बसती. हाताला घट्ट लागतं. आन तेलाला दाब आला की सगळं भाईर."

"मंजी जुनी काढायची ऱ्हायली."

"व्हय."

आप्पांनी सांडलेल्या तेलाकडे बघून हात जोडले. "उपकार झाले. अंगणात झालं."

"काय उपकार, आप्पा?" बसवंत चिडला. "सगळं तेल गेलं मातीत."

"घाटात झालं असतं तर?"

"घाटात झालं असतं तर इंजिन जाम झालं असतं! गाडी..."

तो मधेच थांबला. कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवल्यासारखा.

आप्पांनी मग अगदी साधेपणानं विचारलं, "रिंग दिसत न्हाई म्हणतोस. मग वर ऱ्हायली का न्हाई, ते कळतं कसं?"

"बोट फिरवायचं. त्या जागंवरनं, गोल."

"फिरवलंस?"

"फिरवलं."

"आज फिरवलंस?"

"फिरवलं, आप्पा. देवाची शपथ घिऊन सांगतो, मी बोट..."

त्याची नजर आपल्या हातावर गेली. जुनी रिंग तिथंच होती. तळव्यावर.

...

फणसावर कुठंतरी खार ओरडत होती. 

बसवंत खाली बसला. तेलातच बसला. मी म्हणणार होते, अरे, कपडे. पण नाही म्हटलं.

"अण्णाच्या गॅरेजात एक रीत होती," तो म्हणाला.

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, इराप्पा. त्याला एक भाऊ आहे हेही मला तेव्हाच कळलं. घाटाच्या पायथ्याला नागरफाट्यावर जे गॅरेज आहे, ते इराप्पाचं. म्हणजे दर खेपेला बसवंत त्याच्या दारावरून जात होता.

"फिल्टर एकानं काढला की बोट दोघांनी फिरवायचं," तो सांगू लागला. "काढणाऱ्यानं एकदा. मग दुसऱ्यानं. दुसरं बोट फिरल्याबिगर नवा फिल्टर लावायचा न्हाई. मी काढला तर अण्णाचं बोट. अण्णानं काढला तर माझं. मी लहान हुतो तवापास्नं. माझं बोट तिथवर पोचत नसायचं, तर तो मला काखंत धरून आत सरकवायचा. त्यो म्हणायचा, काढणारा घाईत असतो, त्याच्या बोटावर इस्वास ठेवू नये."

"मग?" आप्पा.

"मग एकदा अण्णा गावाला गेलता. वऱ्हाडाची जीप आली. त्यांना निघायची घाई. मी एकट्यानं केलं काम. घाटात तेल गेलं सगळं, इंजिन जाम. नवरी रस्त्याच्या कडंला बसून ऱ्हायली, मुहूर्त टळला." त्यानं नाक ओढलं, काळा हात तोंडाला लागला. "अण्णानं इंजिन उघडलं. म्हणाला, रिंग वर ऱ्हायलीया. मी म्हणालो, मी बोट फिरवलं हुतं. आईसमोर शपथ घेतली मी. त्यानं मानली न्हाई. चार माणसांत म्हणाला, ह्याचं बोट लबाड हाय. ह्यानं माझ्या गाड्यांला हात लावायचा न्हाई."

"आन तू?"

"मी डोंगर चढलो, आप्पा."

मी शेंगा फोडायची थांबले. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस वैराग्यानं मठात आला. हा रुसून आला होता.

"मी खोटं बोललो न्हवतो," बसवंत म्हणाला. "खरंच वाटलं हुतं, फिरवलं म्हणून. आज वाटलं तसंच. आजबी मी..."

त्यानं तळव्यावरच्या रिंगा मुठीत आवळल्या. 

मग व्यवहार आठवायला मीच लागते. "उद्याचं काय?" मी म्हटलं.

तेल दुसरं नव्हतं. बसवंत तेल आणायचा ते तालुक्याच्या दुकानातून. ते दुकान लांब, आणि तिकडची शेवटची एसटी मघाच गेली होती. जवळ म्हणावं असं तेल एकाच ठिकाणी होतं. नागरफाट्यावर.

 

"माझं ऱ्हाऊ द्या," तानूबाई म्हणाली. "एक खेप न्हाई गेली म्हणून काय हुतंय?" आणि तिनं हळूच पाय लुगड्याखाली ओढून घेतले. पण ते सुजलेले पाय आम्ही सकाळीच पाहिले होते. बसवंतनंही पाहिले होते.

त्यानं आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता आप्पा सांगतील, जा, भावाला फोन कर. आप्पा उठले. चुलीतली राख घमेल्यात भरून घेऊन आले आणि सांडलेल्या तेलावर मूठ मूठ पसरू लागले. दुसरं काही नाही.

बसवंत उठला.

मठात रेंज फक्त गोठ्यामागच्या कट्ट्यावर येते. मी तिकडं गवऱ्या आणायला गेले. गवऱ्या घरात होत्या, पण मी गेले.

"अण्णा," तो म्हणाला. "बसवंत बोलतोय."

...

"तेल पायजे."

...

"मठाच्या गाडीला. रिंग वर ऱ्हायली."

...

"व्हय. फिरवलं हुतं." मग त्यानं डोळे मिटले. "न्हाई अण्णा. फिरवलं असं वाटलं हुतं मला. तवाबी तसंच झालं असंल."

...

त्यानं फोन कानापासून काढून पाहिला. बंद झाला होता. रेंज गेली की भावानं ठेवला, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही.

आम्ही वाट बघितली. आप्पा आपले राख पसरत होते. तानूबाई जपाची माळ ओढत होती, पण तिचे डोळे रस्त्यावर होते. बसवंतनं नवी रिंग फिल्टरला परत बसवली, फिल्टर लावायची जागा फडक्यानं पुसली, बोट फिरवलं, पुन्हा पुसली, पुन्हा फिरवलं. फिल्टर मात्र लावला नाही. हातात धरून बसून राहिला.

उन्हं उतरली तेव्हा खालच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

इराप्पा आडव्या अंगाचा माणूस. मागच्या सीटवर दोरीनं तेलाचा डबा बांधलेला. उतरला, आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि भावाकडे न बघता थेट गाडीपाशी गेला.

"बोट फिरवलंस?" त्यानं गाडीला विचारावं तसं विचारलं.

"फिरवलं," बसवंत म्हणाला.

"सर तिकडं."

तो खाली शिरला. त्याच्या बाजूनं बसवंतही शिरला. आता पायांच्या दोन जोड्या दिसत होत्या, आणि चारही टाचा सारख्याच फुटलेल्या होत्या.

...

फार वेळ आवाज आला नाही. एक बोट गोल फिरवायला इतका वेळ लागत नाही.

मग इराप्पाचा आवाज आला. "साफ हाय."

आणि खाली कुणीतरी रडलं. कोण ते नुसत्या पायांवरून कळत नाही.

गाडी चालू केली तेव्हा इराप्पा राखेत उकिडवा बसून खाली बघत राहिला. थेंबही पडला नाही. तानूबाईनं माळ गुंडाळून कनवटीला लावली. मी चहा टाकला, आणि त्यात जरा जास्तच साखर पडली.

इराप्पा उभ्यानंच चहा प्यायला. निघताना त्यानं गाडीच्या डाव्या खिडकीवर दोन बोटं आपटली.

"माझ्या गॅरेजापाशी आलास की खिडकीशी बसलेल्या माणसाला उठवून ही काच वर करायला लावतोस तू," तो म्हणाला. "मला दिसतंय तिथनं."

बसवंतनं मान खाली घातली.

"उद्या थांब तिथं. तुझी वहिनी डबा देणार हाय. आजारी माणसांचाबी." मग आप्पांकडे वळून त्यानं हात जोडले. "आप्पा, तुमी ह्याला सांभाळलासा. लई उपकार झाले."

आप्पा काही बोलले नाहीत. मला ते जरा नवल वाटलं. उपकाराचं नाव निघालं आणि आप्पा गप्प, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर गेली आणि वेळेवर आली. तानूबाईला हात धरून उतरवलं तर ती दमलेली होती, पण बोलायची हौस गेली नव्हती.

"काच खाली हुती गं, निलव्वा," ती मला म्हणाली. "सबंध रस्ताभर. वारं लागून माझं कान दुखाय लागलं, पर म्हटलं, ऱ्हाऊ दे खाली. आन ती वहिनी काय बाई हाय! मला मीठ चालत न्हाई म्हणून माझी भाकरी येगळी बिनमिठाची करून दिली. माझ्या सुनंला अजून ध्यानात ऱ्हात न्हाई."

जाताना तिनं गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि तो आपल्या डोळ्यांना लावला. ही खोड तिला आप्पांचीच लागली असावी. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तसंच करावंसं वाटत होतं. एक रिंग चिकटून राहिली, अंगणात तेल सांडलं, आणि एका माणसाला भाऊ मिळाला. कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, पण मानावेसे वाटत होते.

संध्याकाळ झाली. आलेगेले लोक पांगले. बसवंत पायरीवर बसून टाचांना खोबरेल चोळत होता. माझ्याकडून स्वतः मागून घेतलं होतं. अनुग्रहाचा विषय त्यानं दिवसभरात काढला नव्हता, आणि डोंगर उतरायचाही नाही.

आप्पा आपल्या घोंगडीवर बसले होते. रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, "बसवंत, आज माझं काय चुकलं?"

बसवंतचे हात सवयीनं जुळायला लागले. मग तो थांबला. आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिला.

"सांगू, आप्पा?"

"सांग की."

"आजचं न्हाई. जुनं हाय."

"सांग."

"काल अण्णाचं सांगितलं तवा तुमाला नवल वाटलं न्हाई. मी कुणावर रुसून आलतो, ते तुमाला पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं."

"हुतं," आप्पा म्हणाले.

"अण्णाचं गॅरेज कुठं हाय, तेबी."

"तेबी."

"येवढ्या वर्षांत एकदाबी तुमी म्हणाला न्हाईसा, बसवंत, जा, भावाला भेटून ये. कालबी न्हाई." त्यानं बोटानं घाटाकडे दाखवलं. "मी खाली गेलो आन तिथंच ऱ्हायलो तर गाडी कोण चालवणार? म्हणून तुमी गप बसलासा, आप्पा. हे चुकलं तुमचं."

माझ्या हातातला पळा भांड्यातच राहिला. आप्पांशी असं बोललेलं मठात मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता उठून जाऊन याच्या तोंडावर हात ठेवावा.

...

आप्पांचा चेहरा पडला. मी पाहिला. क्षणभर ते फार म्हातारे दिसले. ते नाही म्हणाले नाहीत. परीक्षा होती म्हणाले नाहीत.

मग ते घोंगडीवरून उतरले आणि बसवंतच्या शेजारी, खालच्या पायरीवर बसले. त्याचा तो काळा, खोबरेलानं माखलेला हात त्यांनी ओंजळीत घेतला, काल तो जुना डबा घेतला होता तसा. कपाळाशी नेला. बराच वेळ तिथंच ठेवला.

"उपकार झाले रं, बाबा," ते म्हणाले. "रोज विचारत हुतो की मी."